वजन, लाज आणि औषधोपचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अठरा वर्षं मी मराठी नियतकालिकांसाठी आरोग्यावर लिहिते. वाचकांची पत्रं येतात, नातेवाइकांचे फोन येतात, जिन्यात थांबवून कुणी शंका विचारतं. यात वजनाबद्दलचे प्रश्न सगळ्यांत जास्त, आणि ते विचारताना माणसाचा आवाज खाली येतो. रक्तदाबाबद्दल कुणी असं हळू आवाजात विचारत नाही. मी डॉक्टर नाही. कुठलंही औषध घ्यायचं की नाही, हे तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

अंगानं भरलेलं असणं आपल्याकडे चांगलंच मानतात ना? मग जाड माणसाला कमी लेखतात असं का म्हणायचं?

दोन्ही खरं आहे, आणि एकाच घरात खरं आहे. आपला ‘तब्येत’ हा शब्द बघा. ‘चांगली तब्येत झालीय हं’ म्हणजे वजन वाढलंय. ‘तब्येत उतरली की गं तुझी’ म्हणजे बारीक झालीस. प्रकृतीला आणि आकाराला आपण एकच शब्द वापरतो, आणि हळूहळू विचारही तसाच करायला लागतो.

याला कारण आहे. ज्या मुलखानं १९७२चा दुष्काळ पाहिला, खडी फोडून सुकडीवर दिवस काढले, तिथल्या आजीला नातवाच्या दंडावरून हात फिरवताना मांस लागलं की बरं वाटणारच. बाळसं धरलेलं पोर म्हणजे घरात धान्य आहे याची खूण. सुदृढ बालक स्पर्धेत गुटगुटीत बाळाला पहिला नंबर मिळायचा, फोटो छापून यायचा.

पण हे कौतुक फार दिवस टिकत नाही. तीच मुलगी अकरा-बारा वर्षांची झाली की ताटातली दुसरी पोळी मोजली जाते. बाळंतिणीला डिंकाचे, अळिवाचे लाडू आग्रहानं खाऊ घालायचे आणि सव्वा महिना झाला की त्याच तोंडानं ‘आता पोट आत घ्यायचं बघ’ म्हणायचं. लग्नाच्या जाहिरातीत मुलगी ‘सडपातळ’ हवी. जावयाचं पोट सुटलं तर तो सासुरवाडीला मानवला, सुनेचं सुटलं तर तिचं स्वतःकडे लक्ष नाही. ही गोष्ट मला फार लागते, कारण हे बोलणारी माणसं वाईट नसतात. आपलीच असतात.

हे सगळं सिनेमा आणि टीव्हीनं शिकवलं का?

शिकवलं नसेल, पण पक्कं केलं. उमादेवी खत्री ही गुणी गायिका होती. १९४७ साली तिचं गाणं देशभर गाजलं. पुढे ती पडद्यावर आली, टुणटुण या नावानं, आणि विनोदी भूमिकांत तिला अमाप लोकप्रियता मिळाली. तिची विनोदाची जाण अव्वल होती यात शंका नाही. पण आमच्या शाळेत त्या गायिकेचं नाव कुणाला माहीत नव्हतं, आणि ‘टुणटुण’ मात्र प्रत्येक वर्गात एक तरी होती. जाड शरीर दिसलं की हसायचं, हे आम्ही धडे पाठ करायच्या आधी शिकलो. जाड पात्राला प्रेम, दुःख, नोकरी, आजार असं काही असू शकतं, हे पडद्यावर फार उशिरा दिसायला लागलं. अजूनही कमीच दिसतं.

बीएमआय नेमका काय सांगतो?

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. ७० किलो वजन आणि १.६० मीटर उंची असेल, तर उत्तर २७.३ येतं. हे सूत्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या आदोल्फ केतले यांनी मांडलं. ते गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ होते, वैद्य नव्हते. त्यांना ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते शोधायचं होतं, एखाद्या माणसाचा आजार ओळखायचा नव्हता. ‘बॉडी मास इंडेक्स’, म्हणजेच बीएमआय, हे नाव मिळालं १९७२ साली, अमेरिकेतल्या अन्सेल कीझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून.

हजारो लोकांचा अंदाज घ्यायला हा आकडा उपयोगी पडतो. एका माणसाबद्दल मात्र तो किती अपुरा असतो, हे दाखवणारं सगळ्यांत सुंदर उदाहरण आपल्या पुण्यातलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघं शेजारी शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. आकडा एकच, आत दोन वेगळी शरीरं.

याची मुळं गर्भातच असतात, हे पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासातून याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. तिथल्या नवजात बाळांचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हातापायांनी काडी, स्नायू कमी, पण चरबी त्या मानानं राखून ठेवलेली. एखादी अनुभवी सुईण हे ऐकून चकित होईल, कारण तिच्या हाताला ते बाळ फक्त ‘बारीक’ लागलेलं असतं.

म्हणून भारतीयांसाठी मोजमापाच्या रेषा अलीकडे आणल्या. २००९च्या भारतीय तज्ज्ञांच्या शिफारशींनुसार बीएमआय २३च्या पुढे जास्त वजन, २५च्या पुढे लठ्ठपणा. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८०च्या आत असावी. घरात शिवणकामाची टेप असते. ती वजनकाट्यापेक्षा बरंच जास्त सांगते.

म्हणजे बारीक माणसालाही मधुमेह होतो?

होतो, आणि त्याचं निदान उशिरा होतं, कारण ‘तुला कसला मधुमेह, वाऱ्यानं उडशील’ असं सगळे म्हणतात. लहानपणीच्या कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं २०२५ मध्ये ‘टाइप ५’ अशी वेगळी ओळख दिली. जाड दिसण्याला आजार आणि बारीक दिसण्याला आरोग्य समजण्याची किंमत दोन्हीकडची माणसं मोजतात.

मग लठ्ठपणा हा आजार आहे की नाही?

जानेवारी २०२५ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय आयोगानं याचं उत्तर बरंच स्पष्ट केलं. चरबी जास्त आहे आणि तिच्यामुळे एखादा अवयव नीट काम करत नाही, चालणं, आंघोळ, कपडे घालणं यांसारखी रोजची कामं अडतात, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार मिळायला हवेत. चरबी जास्त आहे पण अवयव व्यवस्थित आहेत, तर धोका वाढलेला आहे, लक्ष ठेवायला हवं. नुसत्या बीएमआयवर निदान करू नका, असंही त्यांनी बजावलं.

मला हे पटतं. जास्त वजनाचे तोटे नाकारण्यात काहीच हशील नाही. गुडघे, यकृत, हृदय, झोपेत श्वास अडकणं, सगळं खरं आहे. पण आजार म्हटला की त्याला उपचार असतो. गुन्हा म्हटला की शिक्षा. आपण तोंडानं आजार म्हणतो आणि वागतो गुन्हा असल्यासारखं.

पण कुणी बोललंच नाही तर माणूस सुधारणार कसा? आम्ही भल्यासाठीच बोलतो.

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलाय, बहुतेक वेळा आईकडून. तुमची काळजी खरी आहे, पण या बोलण्याचा परिणाम उलटा होतो. अमेरिकेत हजारो प्रौढांवर काही वर्षं लक्ष ठेवून २०१३ मध्ये एक निष्कर्ष आला. वजनावरून ज्यांना भेदभाव सोसावा लागला, ती माणसं पुढे लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीच पट होती. टोमण्यानं वजन उतरत नाही, बऱ्याचदा चढतं.

का, ते कुठल्याही जाड मुलीला विचारा. लग्नघरात चारचौघांत ‘बास हं आता’ ऐकलेली मुलगी पंगतीत जेवत नाही आणि रात्री स्वयंपाकघरातला दिवा न लावता डब्यातला लाडू उभ्यानं खाते. व्यायामाला मैदानावर जायला लाजते, कारण पळताना कोण बघेल आणि कोण हसेल, हे तिला माहीत असतं. पोहणं आवडत असूनही सोडून देते. डॉक्टरकडे जाणं पुढे ढकलते. सांगा, यातली कुठली गोष्ट तिच्या भल्याची झाली?

आणि एक. जाड माणसाला आपण जाड आहोत हे माहीत असतं. रिक्षात बसताना, तयार कपड्यांच्या दुकानात, बसच्या दोन जणांच्या सीटवर, दिवसातून दहादा कळतं. तुम्ही सांगितल्यानं त्यात नवी माहिती पडत नाही.

दवाखान्यात तरी नीट वागणूक मिळते ना?

इथे मी माझ्या आईचं सांगते.

आई तेव्हा ४७ वर्षांची. दोन जिने चढली की कठड्याला धरून उभी राहायची. धाप लागायची, पाय सुजायचे, दुपारी भांडी घासता घासता ओट्याला टेकायची. आम्ही एका दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मान वर केली, आईकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, ‘आधी दहा किलो उतरवा, मग बघू.’ तपासणी झाली नाही. सहा महिन्यांनी दुसरीकडे गेलो, तेच. आईनं रात्रीचं जेवण सोडलं. पहाटे चालायला जायला लागली, तेही थांबत थांबत. वजन चार किलो उतरलं, धाप मात्र वाढली. घरी आम्हीसुद्धा म्हणायचो, ‘आई, अजून थोडं कमी कर ना.’ ते आठवलं की आजही गलबलतं.

दीड वर्षानं एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आईच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढून पाहिली. आत पांढरं फटक. त्यांनी विचारलं, ‘पाळीत किती जातं?’ तोवर हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ६.८. गर्भाशयात गाठी होत्या, दर महिन्याला रक्त वाहून जात होतं. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, हे सरकारी पाहणीत छापून येतं. पण ‘अंगात रक्त नाही’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हाडकुळी बाई येते. माझी आई तशी दिसत नव्हती, म्हणून दीड वर्ष तिच्या पापणीकडे कुणी पाहिलं नाही.

यात डॉक्टरांचा हेतू वाईट असतो का?

बहुतेकांचा नसतो. पण साध्या साध्या गोष्टींतही चूक होते. रक्तदाब मोजायचा पट्टा घ्या. जाड दंडाला नेहमीचा पट्टा अपुरा पडतो, दाबून बसवला की चर्रकन सुटतो, सिस्टर वैतागते आणि बाई ओशाळते. तसाच बसवून मोजला तर आकडा चुकतो. ज्यांना खूप मोठा पट्टा लागतो त्यांना साधा पट्टा लावला, तर वरचा रक्तदाब सरासरी २० अंकांच्या आसपास जास्त दिसतो, हे २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत नीट मोजून दाखवलं गेलं. १२५ रक्तदाब असलेली बाई कागदावर १४५ची होते आणि गोळ्या घेऊन घरी येते. मोठा पट्टा महाग नसतो. तो ठेवायला हवा हे सुचावं लागतं.

वर्तमानपत्रं आणि वाहिन्यांचं काय चुकतं?

लठ्ठपणावरची कुठलीही बातमी उघडा. बरोबरचा फोटो बहुधा पोटाचा असतो, मानेपासून वरचं कापलेलं. कधी पाठमोरा, हातात वडापाव. ओळख लपावी म्हणून डोकं कापतो, असं आम्ही संपादकीय टेबलावर म्हणायचो. पण बघणाऱ्याला चेहरा, नजर, नाव काही नसलेलं एक पोट दिसतं. त्या माणसाला रस्त्यात न विचारता टिपलेलं असतं. तो फोटो उद्या त्याच्या मुलीनं पेपरात ओळखला तर? हा प्रश्न एकदा मीटिंगमध्ये मी विचारला आणि त्या दिवसापासून मी तरी असा फोटो लावलेला नाही.

२०१७ आठवतं? फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या मतदानादिवशी एका प्रसिद्ध व्यक्तीनं एका जाड पोलिसाचा फोटो बंदोबस्तावरच्या कोटीसह समाजमाध्यमावर टाकला. तो गृहस्थ मुंबईचा नव्हताच, मध्य प्रदेशातला निरीक्षक होता. वजन आजारपणामुळे वाढलंय, हे त्याला देशासमोर सांगावं लागलं. पुढे मुंबईत त्याच्यावर उपचार झाले, आणि त्याचीही ‘गोड शेवट’ म्हणून बातमी झाली. एका माणसाच्या शरीरावर सगळा देश हसला, ही मूळ गोष्ट त्यात विरून गेली.

त्याच महिन्यात इजिप्तहून एक रुग्ण मुंबईत आणली गेली. जगातली सगळ्यांत वजनदार बाई म्हणून वाहिन्यांनी तिला दाखवलं. मालवाहू विमान, क्रेननं उचललेला पलंग, खाली कॅमेऱ्यांची गर्दी. रोज वजनाचा नवा आकडा. मग बहीण आणि डॉक्टर यांच्यातला वाद, तोही पडद्यावर. मे महिन्यात तिला अबुधाबीला हलवलं आणि सप्टेंबरमध्ये ती गेली. वय होतं जेमतेम ३७. मी तिचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. ते वर्षभर पुरेसं उच्चारून झालं. तिला लहानपणापासून काय सोसावं लागलं, तिला काय आवडायचं, याची एकही ओळ त्या दिवसांत माझ्या वाचनात आली नाही.

‘महिन्यात दहा किलो घटवा, डाएट नाही, व्यायाम नाही’ या जाहिरातींना परवानगी कशी मिळते?

औषध किंवा जादूचा उपाय म्हणून असा दावा करायला परवानगी नाही. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ सालचा आहे, आणि ज्या विकारांवर औषधाची जाहिरात करायला मनाई आहे त्यांच्या यादीत लठ्ठपणा आहे. तरी विजेच्या खांबावर, लोकलच्या डब्यात या जाहिराती दिसतातच. ‘औषध’ हा शब्द टाळून ‘पूरक आहार’, ‘काढा’, ‘थेरपी’ म्हटलं जातं. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी लावलेले दिसले की एवढंच विचारा : यानंतर दोन वर्षांनी ही व्यक्ती कशी आहे?

वजन उतरवायची ती नवी इंजेक्शनं. त्यांबद्दल ऐकतो ते खरं का?

बरंच खरं आहे, पण अर्धं सांगितलं जातं. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक (हार्मोन) सुटतं, ते मेंदूला ‘पोट भरलं’ असा निरोप देतं. सेमाग्लुटाइड त्याची नक्कल करतं. टिर्झेपाटाइड त्याच्या जोडीला आणखी एका संप्रेरकाची नक्कल करतं. दोन्ही आठवड्यातून एकदा घ्यायची. मोठ्या चाचण्यांत सेमाग्लुटाइडनं ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं, टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेनं ७२ आठवड्यांत २१ टक्क्यांच्या आसपास. २०२५ मध्ये वजनासाठीची ही इंजेक्शनं भारतात रीतसर मिळायला लागली.

आता दुसरा अर्धा भाग. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे हे रक्तदाबाच्या गोळीसारखं आहे, लग्नाआधीच्या फेशियलसारखं नाही. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे त्रास बऱ्याच जणांना होतात. पित्ताशयाचे खडे, स्वादुपिंडाची सूज हे क्वचित, पण गंभीर. गरोदरपणात घ्यायचं नाही. वजनाबरोबर स्नायूही झडतात, आणि याज्ञिकांची ती बाळं आठवा, आपल्याकडे स्नायू मुळात कमी. त्यामुळे उसळी, अंडी, डाळ, पनीर आणि वजन उचलण्याचा व्यायाम यांशिवाय हे औषध घेणं मला धोक्याचं वाटतं. ब्यूटी पार्लर, जिम किंवा ओळखीतला कुणी ‘आणून देतो’ म्हणाला तर घेऊ नका.

इंजेक्शन घेणं म्हणजे पळवाट नव्हे का? मनावर घेतलं तर वजन उतरतंच.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्याला आपण पळपुटा म्हणतो का? औषध बंद झाल्यावर वजन परत येतं, त्यातूनच कळतं की शरीर किती जोरानं आपलं वजन धरून ठेवतं. ही सगळी वर्षं आपण त्याला आळस म्हणत आलो. मला या औषधांच्या किमतीची चिंता वाटते, दुरुपयोगाची वाटते. ती घेणाऱ्या माणसाच्या चारित्र्याची वाटत नाही.

बारीक माणसाला ‘काडी’, ‘सुकट’, ‘पापड’ म्हटलं तर चालतं ना? ते तर लाडानं म्हणतात.

नाही चालत. बारीक मुलीही पाण्यानं पोट भरून वजनकाट्यावर उभ्या राहतात, मुलाकडची माणसं येणार म्हणून दुहेरी परकर नेसतात. लाड करायला दुसरे शब्द आहेत.

मुलाचं वजन खरंच वाढतंय. त्याला न दुखवता काय करू?

त्याच्याशी वजनाबद्दल बोलू नका, घराबद्दल बोला. साखरेचं पेय घरात आणायचं नाही, तर कुणासाठीच नाही. एका मुलासाठी उकडलेली भाजी आणि बाकीच्यांना वडे, असं ताट वाढू नका. ते ताट मूल चाळीस वर्षांचं झालं तरी विसरत नाही. संध्याकाळी त्याच्याबरोबर खाली उतरा. बालरोगतज्ज्ञांना वेगळं गाठून बोला, मुलाच्या देखत ‘बघा ना किती जाड झालाय’ म्हणू नका. शाळेत कुणी चिडवत असेल, तर तो शाळेशी बोलायचा विषय आहे, मुलाच्या डब्याचा नाही.

जाड आहोत म्हणून डॉक्टर नीट तपासत नाहीत असं वाटलं, तर काय म्हणायचं?

तिथे बसल्यावर शब्द सुचत नाहीत, म्हणून आधीच लिहून न्या. माझ्या आईच्या पर्समध्ये अजूनही एक घडी घातलेला कागद असतो. डॉक्टरीणबाईंकडून आल्यावर आम्ही दोघींनी मिळून तो लिहिला होता :

‘हाच त्रास बारीक बाईला असता, तर तुम्ही कोणत्या तपासण्या सांगितल्या असत्या? त्या माझ्याही करा.

मोठा पट्टा आहे का? नसेल तर रक्तदाब मी दुसरीकडे मोजून आणते.

वजनाचं मी ऐकेन. आधी दुखतंय ते बघा.’

पहिल्यांदा तो कागद काढला तेव्हा तिचा हात थरथरत होता. तिनं वाचलं नाही, सरळ डॉक्टरांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘बसा. पहिल्यापासून सांगा.’